फुटबॉलच्या मैदानातील धर्मगुरू : फादर लोरेन्सो मासा

१३ मार्च २०१३ रोजी ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप कार्डिनल होर्हे मारियो बेर्गोग्लिओ यांची पोपपदी निवड झाली व त्यांनी फ्रान्सिस हे नाव धारण केले. नव्या परमगुरूंविषयी जगभरच्या वृत्तपत्रांत तेव्हा जे पुष्कळ छापून आले, त्यातील एक गोष्ट तरुणांच्या मनात चटकन घर करून गेली. पोप महोदय फुटबॉलचे चाहते होते आणि अर्जेंटिनातील ‘सान लोरेन्सो’ ह्या क्लबचे रीतसर सभासदही होते. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले, तेव्हाही त्या क्लबचे लाल-निळे झेंडे घेऊन चाहते त्यांच्यासाठी प्रार्थनेला जमले.

परंतु हा क्लब एका धर्मगुरूच्या अंगणात जन्माला आला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या धर्मगुरूंचे नाव फादर लोरेन्सो मासा. त्यांना स्वर्गवासी होऊन पाऊणशे वर्षे उलटून गेली आहेत. ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिलेले नाही. त्यांनी कोणताही चमत्कार केल्याची नोंद नाही. एका चॅपेलचे फाटक मुलांसाठी उघडणे, ही त्यांची सर्वांत मोठी कृती. तरीही अर्जेंटिनात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. अशा ह्या धर्मगुरूंची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी, ह्या हेतूने हा लेखप्रपंच.

अकरा नोव्हेंबर

फादर मासा यांच्या आयुष्याकडे वळण्यापूर्वी ते ज्या परंपरेत वाढले, तिच्याकडे पाहिले पाहिजे. ती परंपरा संत जॉन बॉस्को यांची. १८४१ साली इटलीतील तुरीन शहरात ह्या तरुण धर्मगुरूंनी रस्त्यावरच्या, कारखान्यांत राबणाऱ्या, आईबापांविना भटकणाऱ्या मुलांना एकत्र करण्यास सुरुवात केली. ह्या मुलांसाठी त्यांनी जे स्थान उभे केले, त्यास त्यांनी ‘ओरातोरी’ म्हटले. ह्या शब्दाचा अर्थ प्रार्थनास्थळ. पण तेथे प्रार्थनेबरोबर शाळा होती, कामाचे शिक्षण होते, गाणे-बजावणे होते आणि खेळाचे भले मोठे अंगण होते. अंगण नसलेल्या ओरातोरीची कल्पनाच डॉन बॉस्को करू शकत नव्हते. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा ह्या तीन पायांवर त्यांनी आपली शिक्षणपद्धती उभारली. मुलांकडून चूक होऊ नये म्हणून आधीपासूनच त्यांच्यासोबत राहावे, चूक झाल्यावर शिक्षा करीत बसू नये, हे त्या पद्धतीचे सार.

११ नोव्हेंबर १८७५ रोजी तुरीनमधील साहाय्यकारी मारिया मातेच्या महामंदिरात डॉन बॉस्को यांनी आपल्या पहिल्या मिशनऱ्यांना निरोप दिला. फादर जॉन काल्येरो यांच्या नेतृत्वाखाली दहा जणांची ही तुकडी डिसेंबर १८७५ मध्ये ब्युनोस आयर्सला पोहोचली. दक्षिणेकडील पॅटागोनियाच्या पठारावरील आदिवासींपर्यंत सुवार्ता न्यावी, हे त्यांचे अंतिम ध्येय. परंतु बंदरात उतरताच त्यांना दुसरेच मिशनक्षेत्र दिसले. आपल्याच देशातून पोटासाठी आलेले हजारो इटालियन स्थलांतरित तेथे धर्मगुरूंविना, शाळेविना राहात होते. सालेशियनांनी दोन्ही कामे हाती घेतली. शहरातील कामाचे केंद्र आल्माग्रो ह्या वस्तीत उभे राहिले.

त्या निरोपसमारंभानंतर बरोबर सात वर्षांनी, ११ नोव्हेंबर १८८२ रोजी, ब्युनोस आयर्सच्या पश्चिमेला असलेल्या मोरोन येथे लोरेन्सो मासा यांचा जन्म झाला. मासा हे आडनावच इटालियन. ज्या स्थलांतरितांसाठी सालेशियन धर्मगुरू समुद्र ओलांडून आले होते, त्यांच्याच समाजातून हा मुलगा पुढे आला आणि सालेशियन झाला. मिशनऱ्यांनी पेरलेले बी एका पिढीच्या आतच त्या मातीत उगवले.

रस्ता हेच मैदान

विसाव्या शतकाच्या आरंभीचे ब्युनोस आयर्स म्हणजे झपाट्याने फुगणारे शहर. १८६९ च्या जनगणनेत ह्या शहराची वस्ती दोन लाखांहून कमी होती. १९१४ साली ती पंधरा लाख पंच्याहत्तर हजारांच्या आसपास गेली आणि त्यातील जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. एका वाड्यात अनेक कुटुंबे, एका खोलीत एक संपूर्ण बिऱ्हाड, सर्वांना मिळून एक चौक, असे गोरगरिबांचे जिणे. मुंबईच्या चाळींशी परिचय असलेल्या आमच्या वाचकांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा घरांतील मुले सकाळपासून रात्रीपर्यंत रस्त्यावरच असत.

त्यांना त्या सुमारास एक नवा खेळ सापडला होता. अर्जेंटिनात फुटबॉल आणला तो ब्रिटिशांनी. रेल्वे, बँका आणि व्यापारी पेढ्या यांमध्ये काम करणारे इंग्रज व स्कॉटिश लोक तो आपापसांत खेळत. अलेक्झांडर वॉटसन हटन ह्या स्कॉटिश शिक्षकांनी १८८४ साली ब्युनोस आयर्समध्ये शाळा काढली व तिच्यात ह्या खेळाला मानाचे स्थान दिले. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा खेळ साहेबांच्या कुंपणाबाहेर पडला आणि स्थलांतरितांच्या मुलांनी तो उचलला. त्यांच्याजवळ ना बूट, ना गणवेश, ना मैदान. चेंडू मिळाला की रस्त्यावरच डाव सुरू होई.

आल्माग्रोमध्ये मेक्सिको आणि त्रेइन्ता इ त्रेस ओरिएन्तालेस ह्या दोन रस्त्यांच्या चौकात अशीच एक टोळी खेळत असे. मुलांनी आपल्या संघाला ‘लोस फोर्सोसोस दे आल्माग्रो’, म्हणजे आल्माग्रोचे जोरकस गडी, असे झोकदार नाव दिले होते. जवळच मेक्सिको रस्त्यावर संत अंतोनीचे चॅपेल व सालेशियनांची ओरातोरी होती. तेथेच फादर लोरेन्सो मासा यांचे सेवाकार्य चालले होते. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या घरात होते.

ट्राम, फाटक आणि एक अट

ह्या मुलांच्या रस्त्यावरून विजेच्या ट्राम धावत. एके दिवशी खेळ रंगात आला असता चेंडूमागे धावणारा एक मुलगा ट्रामखाली येता येता थोडक्यात बचावला. हा प्रसंग फादर मासा यांच्या नजरेस पडला.

अशा वेळी एखाद्या सज्जन माणसाने काय केले असते? मुलांना दरडावले असते, त्यांच्या आईवडिलांकडे गाऱ्हाणे नेले असते किंवा पोलिसांना सांगून रस्त्यावरचा खेळ बंद पाडला असता. ह्यांतले काहीही केले, तरी वस्तीने त्यांची वाहवाच केली असती. फादर मासा यांनी मात्र मुलांना जवळ बोलावले आणि चॅपेलच्या मागचे अंगण त्यांना खेळण्यासाठी देऊ केले. त्यासाठी त्यांनी एकच अट घातली, ती म्हणजे मुलांनी रविवारच्या मिस्साला आले पाहिजे. मुलांनी अट मान्य केली आणि फाटक उघडले गेले.

ह्या अटीविषयी आम्हांला थोडे थांबून बोलावेसे वाटते. वरवर पाहणाऱ्यास हा सौदा वाटेल. चेंडूच्या मोबदल्यात मिस्सा, अंगणाच्या भाड्यापोटी गुडघे टेकणे! श्रद्धा अशी विकत घेता येते काय, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. श्रद्धा ही देवाची देणगी आहे. ती कोणत्याही अटीने कोणाच्या अंतःकरणात घालता येत नाही, हे डॉन बॉस्को यांचा शिष्य जाणत नव्हता असे नाही.

परंतु डॉन बॉस्को यांच्या ओरातोरीत अंगण म्हणजे मुलांना देवळात ओढण्यासाठी लावलेले आमिष नव्हे. अंगण आणि वेदी ही एकाच घराची दोन दालने होत. धर्मगुरूने अंगणात मुलांबरोबर असावे आणि मुलांनी देवळात धर्मगुरूबरोबर असावे. जो धर्मगुरू आठवडाभर अंगणाकडे फिरकत नाही आणि रविवारी मात्र हजेरी मोजतो, त्याच्या तोंडी ही अट अन्यायाची ठरेल. जो मुलांचे खेळ आपले मानतो, त्याने मुलांना आपल्या प्रभूच्या मेजाशी बोलावणे हे मैत्रीतील साधे निमंत्रण होय. फादर मासा यांची अट ह्या दुसऱ्या प्रकारची होती, असे आम्हांला वाटते. कारण मुलांनी त्यांना नंतर जे देऊ केले, ते सौदा करणाऱ्या माणसाला कोणी देत नाही.

स्वतःचे नाव नको

१ एप्रिल १९०८ रोजी ओरातोरीत मुलांची सभा भरली व रस्त्यावरच्या टोळीचे रीतसर क्लबमध्ये रूपांतर झाले. जुने नाव मागे टाकून नवे नाव घ्यायचे ठरले. ज्यांनी आपल्याला अंगण दिले त्या फादरांचेच नाव क्लबला द्यावे, असा प्रस्ताव मुलांकडून आला. फादर मासा यांनी तो साफ नाकारला.

मुलांचा आग्रह कायम राहिला, तेव्हा त्यांनी वाट काढली. ‘सान लोरेन्सो’ हे नाव चालेल, पण ते ह्या लोरेन्सोचे नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. ते नाव होते रोमचे डीकन व रक्तसाक्षी संत लॉरेन्स यांचे. त्याचबरोबर ते स्मरण होते ३ फेब्रुवारी १८१३ च्या सान लोरेन्सो येथील लढाईचे. ह्या लढाईत होसे दे सान मार्तीन यांच्या घोडदळाने स्पॅनिश सैन्याचा पराभव केला होता आणि लढाईपूर्वी त्यांचे सैनिक तेथील फ्रान्सिस्कन मठात दबा धरून बसले होते. अशा रीतीने एका नावात संत आला, देश आला आणि वस्तीचे नाव जोडून ‘सान लोरेन्सो दे आल्माग्रो’ असे ते पूर्ण झाले. नावाच्या मागे धर्मगुरू मात्र लपून राहिले.

संत लॉरेन्स यांची निवड आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते. इ. स. २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या छळात त्यांना मरण आले. परंपरा सांगते की, ख्रिस्तसभेची संपत्ती हजर करण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी शहरातील गोरगरीब, आंधळे-पांगळे गोळा करून अधिकाऱ्यांसमोर उभे केले आणि हीच आमची संपत्ती असल्याचे सांगितले. अनवाणी पायांनी चेंडू लाथाडणाऱ्या मुलांच्या क्लबला त्यांच्याहून योग्य आश्रयदाता संत कोठून मिळणार?

क्लबच्या पोशाखाला लाल व निळा हे रंग मिळाले. साहाय्यकारी मारिया मातेच्या वस्त्रांचे हे रंग, असे क्लबची परंपरा सांगते. पुढे प्रतिस्पर्धी संघांचे पाठीराखे सान लोरेन्सोवाल्यांना चिडवण्यासाठी ‘कावळे’ म्हणू लागले; कारण अर्थातच सालेशियन धर्मगुरूंचा काळा झगा. चाहत्यांनी ही चेष्टा अंगाला लावून घेतली नाही, उलट तेच नाव अभिमानाने मिरवले. आजही ब्युनोस आयर्समध्ये एखादा माणूस स्वतःला कावळा म्हणवतो, तेव्हा नकळत तो एका धर्मगुरूच्या झग्याची आठवण सांगत असतो.

अंगणातून मैदानाकडे

अंगण मुलांना पुरेनासे झाले. मोठ्या मैदानाअभावी पहिल्या काही वर्षांत संघाच्या कामात खंडही पडला. १९१४ साली क्लबची घडी पुन्हा बसविण्यात आली. १ जानेवारी १९१५ रोजी ‘ओनोर इ पात्रिया’ ह्या संघाला ३-० असे हरवून सान लोरेन्सोने पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळविला. रस्त्यावरच्या मुलांची ही मजल अवघ्या सात वर्षांतली.

आता स्वतःच्या जागेची निकड भासू लागली. आव्हेनिदा ला प्लाता ह्या हमरस्त्यावर क्लबला जमीन मिळाली आणि १९१६ साली तेथे मैदान सुरू झाले. ही जागा मिळवून देण्यासाठीही फादर मासा यांनीच खटपट केली. लाकडी बाकांच्या चढत्या रांगा व लोखंडी सांगाडा ह्यांमुळे पुढे ते मैदान दुरून गॅसच्या टाकीसारखे दिसू लागले, म्हणून लोक त्यास ‘गासोमेत्रो’ म्हणू लागले. काही दशके हे देशातील सर्वांत मोठ्या मैदानांपैकी एक होते. राष्ट्रीय संघाचे सामनेही तेथे होत. १९२३, १९२४ आणि १९२७ साली सान लोरेन्सोने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. व्यावसायिक फुटबॉल सुरू झाल्यावर १९३३ साली व पुन्हा १९४६ साली तो विजेता ठरला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. क्लब जसजसा मोठा झाला, तसतसा तो ओरातोरीच्या हाताबाहेर गेला. त्याचे स्वतंत्र पदाधिकारी आले, पैसा आला, राजकारणही आले. त्यात कॅथलिक होते, यहुदी होते, देव न मानणारेही होते. रविवारच्या मिस्साची अट केव्हाच मागे पडली. फादर मासा यांनी क्लबला अंगणात कोंडून ठेवण्याचा हट्ट धरला असता, तर कदाचित काही वर्षांतच तो संपला असता. त्यांनी तो वस्तीच्या हवाली केला. आपण लावलेल्या झाडाची फळे कोणी खावीत याचा हिशेब ठेवण्याची सवय असणाऱ्यांना ही गोष्ट सोपी वाटणार नाही.

मिशनकार्याचे इतिहासकार

फादर मासा यांची ओळख केवळ फुटबॉलपुरती ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. तरुणांसाठी त्यांनी इतरही कार्य केले. १९१५ साली, डॉन बॉस्को यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, फादर होसे वेस्पिग्नानी यांच्या नेतृत्वाखाली अर्जेंटिनात ‘डॉन बॉस्कोचे एक्सप्लोरर’ ही स्काऊटसारखी चळवळ सुरू झाली. तिच्या उभारणीत फादर मासा यांचा सहभाग होता.

तितक्याच महत्त्वाचे त्यांचे लेखनकार्य होय. ज्या मिशनक्षेत्रासाठी १८७५ साली पहिली तुकडी निघाली होती, त्याचा इतिहास लिहिण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९४५ साली त्यांचा मागायानेस प्रदेशातील सालेशियन कार्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मागायानेस म्हणजे चिलीच्या अगदी दक्षिण टोकाकडील, बर्फाळ वाऱ्यांचा मुलूख. ला पाम्पा ह्या अर्जेंटिनातील विस्तीर्ण गवताळ प्रदेशातील मिशनचा त्यांनी लिहिलेला इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ साली छापून निघाला. त्या प्रदेशांच्या अभ्यासकांना आजही ह्या दोन ग्रंथांचा आधार घ्यावा लागतो.

ह्या मिशनचा इतिहास केवळ विजयाचा नाही. १८७८ नंतर अर्जेंटिनाच्या सैन्याने दक्षिणेतील आदिवासींविरुद्ध मोहीम उघडून त्यांच्या जमिनी बळकावल्या. मिशनरी जेथे पोहोचले तेथे अनेकदा सैन्य आधीच पोहोचलेले असे. मागायानेसमधील डॉसन बेटावर सालेशियनांनी १८८९ साली आदिवासींसाठी आश्रयस्थान उघडले. मेंढ्यांच्या कुरणांसाठी ह्या लोकांची शिकार होत होती, तिच्यापासून त्यांना वाचवावे हा हेतू. पण युरोपातून आलेल्या रोगांनी तेथे शेकडो जीव घेतले आणि १९११ साली मिशन बंद झाले, तेव्हा हयात असलेले फारच थोडे होते. सद्हेतूनेही केवढे दुःख पदरी येऊ शकते, हे ह्या बेटावरील कबरी सांगतात. दुसरीकडे, मापुचे जमातीच्या सरदाराचा मुलगा सेफेरिनो नामुनकुरा आल्माग्रोमधील सालेशियन शाळेत शिकला, १९०५ साली रोममध्ये अठराव्या वर्षी क्षयाने निवर्तला आणि ११ नोव्हेंबर २००७ रोजी त्यास धन्य घोषित करण्यात आले. पुन्हा तीच अकरा नोव्हेंबर ही तारीख.

शहरातील अंगण आणि दक्षिणेकडील माळरान यांना फादर मासा यांनी वेगळे मानले नाही, असे आम्हांला दिसते. ज्यांच्या पायांखालची जागा काढून घेतली जात आहे, त्यांना उभे राहण्यास जागा द्यावी, हाच दोन्हीकडचा प्रश्न होता. आल्माग्रोत तो एका अंगणाने सुटला. दक्षिणेत तो सुटू शकला नाही.

अखेर आणि रुपेरी पडदा

३१ ऑक्टोबर १९४९ रोजी, सकल संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, फादर मासा यांनी ब्युनोस आयर्समध्ये अखेरचा श्वास घेतला. वयाची सदुसष्ट वर्षे पूर्ण होण्यास अकरा दिवस उरले होते. १९४६ चा विजेता संघ त्यांना पाहावयास मिळाला. त्याच संघाच्या सामन्यांना आपल्या वडिलांबरोबर जाणारा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होर्हे बेर्गोग्लिओ होता. त्याचा स्नानसंस्कार १९३६ च्या नाताळदिनी आल्माग्रोमधील सालेशियनांच्याच महामंदिरात झाला होता आणि १९४९ साली, फादर मासा निवर्तले त्या वर्षी, तो सालेशियन शाळेच्या वसतिगृहात शिकत होता.

मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, १९५४ साली, त्यांच्या जीवनावर ‘एल कुरा लोरेन्सो’ हा बोलपट निघाला. दिग्दर्शक होते आउगुस्तो सेसार वात्तेओने आणि फादरांची भूमिका केली होती आन्हेल मागान्या ह्या तेव्हाच्या लोकप्रिय नटाने. चित्रपट आणि ख्रिस्तसभा यांचे नाते त्या काळी सावध होते. पोप अकरावे पायस यांनी १९३६ सालच्या परिपत्रकात चित्रपटाच्या प्रभावाविषयी इशारा दिला होता, पण चांगल्या चित्रपटाचे सामर्थ्यही मान्य केले होते. सालेशियन तर ओरातोरीत नाटक आणि संगीत पहिल्यापासून वापरीत आले होते. डॉन बॉस्को यांच्या जीवनावरही १९३५ साली इटलीत चित्रपट निघालेला होता. जो धर्मगुरू क्लबला आपले नाव देऊ देत नव्हता, त्याचेच नाव आता चित्रपटाच्या शीर्षकात आले.

ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षाच्या अखेरीस अध्यक्ष हुआन पेरोन यांचे सरकार व ख्रिस्तसभा यांच्यातील संबंध पराकोटीचे बिघडले. १६ जून १९५५ च्या रात्री ब्युनोस आयर्समधील अनेक चर्चे जाळण्यात आली. देश दुभंगला असता सर्वसामान्यांच्या मनातला धर्मगुरू कसा असतो, याचे एक चित्र ह्या साध्या बोलपटाने मागे ठेवले. तो धर्मगुरू मुलांच्या चेंडूमागे धावतो आणि वस्तीच्या दुःखात सामील होतो.

गेलेले मैदान

लष्करी राजवटीच्या काळात सान लोरेन्सोला आव्हेनिदा ला प्लातावरील आपले मैदान सोडावे लागले. २ डिसेंबर १९७९ रोजी तेथे शेवटचा सामना झाला. जमीन विकली गेली आणि कालांतराने त्या जागी मोठे सुपरमार्केट उभे राहिले. १९८१ साली क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढच्याच वर्षी तो वर आला, पण त्याला घर नव्हते. १९९३ साली बाहो फ्लोरेस येथे नवे मैदान झाले, तरी जुन्या जागेचे दुःख गेले नाही. चाहत्यांनी मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, वर्गणी जमविली. नोव्हेंबर २०१२ मध्ये शहराच्या विधानसभेने जमीन परत मिळण्यासाठी कायदा केला आणि १ जुलै २०१९ रोजी जमिनीचा ताबा क्लबकडे आला.

मधल्या काळात, ऑगस्ट २०१४ मध्ये सान लोरेन्सोने दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मानाचा लिबर्तादोरेस चषक प्रथमच जिंकला. त्याच महिन्यात खेळाडू तो चषक घेऊन व्हॅटिकनला गेले आणि त्यांनी तो पोप महोदयांना दाखविला. १९०८ च्या अंगणातून निघालेला चेंडू असा संत पेत्राच्या चौकापर्यंत आला.

आपल्या अंगणांचे काय?

सालेशियन परंपरा आपल्याला परकी नाही. १९२८ साली सालेशियन मुंबईत आले. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा आणि तेथील साहाय्यकारी मारिया मातेचे तीर्थमंदिर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. ज्या मारिया मातेच्या रंगांचा सदरा सान लोरेन्सोचे खेळाडू घालतात, तिच्याच चरणी आपणही मेणबत्ती लावतो.

आपल्या धर्मग्रामांतही मुले खेळतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकीकडे मिस्साची घंटा वाजते आणि दुसरीकडे मैदानावर सामना रंगलेला असतो. त्यावरून घराघरांत वाद होतात, प्रवचनांतही टीका होते. टीका करणे सोपे आहे. परंतु ह्या मुलांपैकी कितींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? शहरे वाढत आहेत, शेते-वाड्यांवर इमारती उठत आहेत, मोकळ्या जागा नाहीशा होत आहेत. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी देवळाचे आवार हीच उरलीसुरली मोकळी जागा असते. त्या आवाराच्या फाटकाला कुलूप असावे की नसावे, हा प्रश्न केवळ व्यवस्थापनाचा नाही. तो मेषपालीय प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर धर्मगुरूंबरोबर पालकांनी, धर्मग्राम समितीनेही दिले पाहिजे.

कुलूप काढले म्हणजे सर्व झाले असेही नव्हे. फाटक उघडे असावे आणि फाटकाच्या आत कोणी मोठे माणूसच नसावे, ह्याने मुलांचे भले होणार नाही. फादर मासा यांनी अंगण दिले आणि त्या अंगणात ते स्वतः राहिले. त्यांनी प्रभूच्या मेजाचे निमंत्रण दिले, पण क्लब मोठा झाल्यावर त्याची किंमत वसूल करीत बसले नाहीत. त्यांनी नाव दिले, पण स्वतःचे दिले नाही. ह्या तीन गोष्टी करण्यासाठी फार पैसा लागत नाही.

३१ ऑक्टोबरला त्यांची पुण्यतिथी येते. दुसऱ्याच दिवशी आपण सकल संतांचा सण साजरा करतो आणि ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, अशा असंख्य संतजनांचे स्मरण करतो. त्या दिवशीच्या मिस्सात ह्या धर्मगुरूंसाठी व आपल्या धर्मग्रामातील खेळणाऱ्या मुलांसाठी एक प्रार्थना अवश्य करावी, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.